डॉक्टरकीची पेरणी

वऱ्हाडात जून महिना उजाडला की घराघरांतले डोळे दोन गोष्टींकडे लागतात. एक मृगाचा पाऊस आणि दुसरा ‘नीट’ परीक्षेचा निकाल. २०२३ साली हा निकाल १३ जूनला लागला, २०२४ साली ४ जूनला आणि २०२५ साली १४ जूनला. म्हणजे कपाशीच्या बियाण्याची थैली घरात येते त्याच पंधरवड्यात पोरीचे गुणही घरात येतात. मग पारावरचा शेजारी पाऊसपाण्याची चौकशी सोडून विचारतो, ‘‘काहो भाऊ, पोरीले किती पडले?’’ या एका प्रश्नाच्या धास्तीने अमरावती-अकोल्याकडची कितीतरी घरे दोन-दोन वर्षे जीव मुठीत धरून बसलेली असतात. परीक्षेचे नाव ‘नीट’ खरे, पण तिच्यापायी घरातले काही नीट राहत नाही.

डॉक्टर होण्याची ही ओढ कालची नव्हे आणि तिला हसण्याचेही कारण नाही. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली निघाले. त्याआधी वैद्यकीय पदवी हवी, तर वऱ्हाडच्या मुलाला मुंबईसारख्या दूरच्या शहराची वाट धरावी लागे. पुढे १९८४ साली अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे खाजगी महाविद्यालय आले. १९८९ साली यवतमाळला आणि २००२ साली अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाशी जोडलेले सरकारी महाविद्यालय झाले. २०२४ साली तर अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या तिन्ही ठिकाणी सरकारी महाविद्यालये सुरू झाली. कॉलेज असे दाराशी आले, पण दारापुढची रांगही वाढली. त्याच वर्षी देशभरातून २३ लाखांवर मुले या परीक्षेला बसली होती.

या रांगेसाठी अकोल्यात एक निराळीच वस्ती उभी राहिली आहे. मूर्तिजापूर, बाळापूर, रिसोड, मेहकरकडची मुले इथे क्लाससाठी येतात. पुष्कळ वेळा आई पोरीबरोबर खोली करून राहते आणि गावाकडे बाप चुलीपाशी स्वतःच पोळ्या थापायला शिकतो. खोलीचे भाडे, मेस आणि क्लासची फी यांचे हप्ते काही शेताचे वेळापत्रक पाहून येत नाहीत. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात होतात. त्या वेळी कपाशी नुकती पात्या-फुलांवर असते आणि पैसा हाती यायचा तो सीतादही होऊन कापूस विकला गेल्यावर. मधल्या तीन-चार महिन्यांची ही खिंड कोणी दागिन्यांवर लढवतो, कोणी उसनवारीवर. म्हणून खर्चाचा अंदाज निकालानंतर नव्हे, आदल्या वर्षीच्या हंगामात बांधायला हवा.

आता आईबापांच्या हाती काय आहे आणि काय नाही, याची एकदा स्वच्छ वाटणी करू. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. म्हणजे एक प्रश्न चुकला की बरोबर सोडवणाऱ्यापेक्षा मूल पाच गुणांनी मागे पडते, आणि तेवढ्यात हजारो मुले पुढे निघून जातात. ही लढाई मुलाची एकट्याची. पहाटे चारला उठवून दूध दिले म्हणून आपल्याला त्यातला एक गुणही वाढवता येत नाही.

कागदपत्रे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहेत. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि त्याची वैधता, मुदतीतले नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला. यांतला एखादा वेळेवर नसला, तर चांगले गुणही हातचे जातात. जातवैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा, कारण समितीचे काम निकालाच्या घाईने चालत नाही. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरतात, बाकीच्या राज्याच्या यादीतून. पूर्वी राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या-त्या विभागातल्या मुलांसाठी असत. ती पद्धत २०२० साली गेली. तेव्हा ‘आमच्या पुतण्याला २०१५ साली एवढ्या गुणांवर मिळाली होती’ असे सांगणाऱ्या काकांचा हिशेब आज उपयोगी नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका बापाने स्वतः वाचावी. सातबारा वाचणाऱ्याला ती अवघड नाही.

तिसरी गोष्ट पैशाची नव्हे, कागदाचीही नव्हे, आणि तीच आपल्याकडे सर्वांत कमी होते. आपला शेतकरी सगळ्या वावरात निव्वळ कपाशी पेरत नाही, मध्ये तुरीचे तास सोडतो. पाऊस दगा देतो हे त्याला ठाऊक असते. पोराच्या बाबतीत मात्र हाच माणूस सारे वावर एका पिकाखाली घालतो. मग निकाल पडला की घरात सुतक. ‘पुन्हा एक वर्ष’ हा निर्णय त्याच संध्याकाळी रागात किंवा रडण्यात होतो. दुबार पेरणी करू नये असे नाही. पण ती करायची की नाही, केली तर एकदाच की दोनदा, आणि न साधल्यास पुढे काय, हे परीक्षेच्या आधी, शांतपणे, मुलाला विचारून ठरले पाहिजे. याच ‘नीट’च्या गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांचीही दारे उघडतात. विज्ञानाच्या मुलाला त्यापलीकडच्या वाटाही आहेत.

आणि ‘डॉक्टर’ या शब्दाचाच मान हवा असेल, तर वऱ्हाडाने जरा आपल्याच घरात पाहावे. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख आपल्याकडचे सर्वांत मोठे ‘डॉक्टर’. त्यांनी नाडी कधी तपासली नाही. वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून त्यांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली. अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, तसेच १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठालाही. दोन्ही दारांवर नाव एकच. मग एका दारातून आत गेलेले मूल हुशार आणि दुसऱ्यातून गेलेले वाया गेले, हे कोणी ठरवले?

दिवाळीला अकोल्याची खोली चार दिवस बंद होते आणि मुले घरी येतात. फराळाच्या ताटापाशी त्यांना सराव परीक्षेचे गुण विचारू नका. दाखल्यांची पिशवी काढून त्यात काय कमी आहे ते पाहा, हिशेबाची वही उघडा. आणि एक वाक्य निकालाची वाट न पाहता आजच सांगून टाका: ‘‘किती का पडेनात, बाई, घर तुहंच आहे.’’