एसटीनं आणलेलं गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोचतं का?

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांगांची नोंद झाली. लोकसंख्येच्या 2.64 टक्के. बीड जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या होती 25 लाख 85 हजार. राज्याचंच प्रमाण लावलं तर जिल्ह्यात सुमारे 68 हजार दिव्यांग निघतात, म्हणजे दर 38 माणसांमागे एक.

हा हिशेबही हात राखूनच केलेला आहे. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार विचारले होते, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते 21 झाले. शिवाय गुडघे धरलेले, कमी ऐकू येणारे म्हातारे-कोतारे यात बहुधा नाहीतच. राज्यात साठी ओलांडलेले तेव्हा दहा टक्क्यांच्या जवळपास होते. त्या मानानं बीडमध्ये अडीच लाख. दुकानाची पायरी त्यांनाही तितकीच नडते.

‘त्यांच्याकडे पैसा कुठला?’ असं व्यापारी म्हणतात. त्यात तथ्य आहे. 2018च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरच्या शंभर दिव्यांगांपैकी जेमतेम 24 जण कामात किंवा कामाच्या शोधात होते. पण जेवण, कपडे, औषधं, मोबाइल कुणाला चुकलेत? 2023-24 मध्ये देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी 4,122 रुपये होता. दिव्यांगाचा त्याच्या निम्माच धरू. तरी 68 हजारांचे महिन्याला 14 कोटी होतात. यातलं सगळं दुकानात जात नाही हे मान्य. घरची ज्वारी, घरचं दूध असतंच. पण दिव्यांग माणूस खरेदीला सहसा एकटा येत नाही. तो ज्या दुकानात शिरू शकत नाही, तिथून बरोबरची बहीण, मुलगा आणि त्यांची खरेदीही परत फिरते. हे नुकसान कुठल्याच वहीत चढत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

गंमत अशी, की अर्धं काम सरकारनं करून ठेवलंय. एसटीत दिव्यांगाला भाड्यात 75 टक्के सवलत आहे. 65 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही 50 टक्के. केज, गेवराई, पाटोद्याच्या खेड्यांतून माणूस पाव तिकिटात बाजाराच्या गावी येतो आणि पुढे दुकानाच्या ओट्यापाशी अडतो.

ओट्यावर व्हीलचेअर चढायला उतार करायचा, तर त्याचं प्रमाण एकास बारा असावं लागतं. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार. दोन पायऱ्या असल्या की बारा फूट, आणि समोर नाली, नालीपुढे रस्ता; तिथे पक्कं बांधकाम होणं कठीण. अशा ठिकाणी वेल्डरकडून उचलता येईल अशी लोखंडी फळी करून घ्यावी, खाली हात पोचेल अशी बेल लावावी, आणि बेल वाजली की पोऱ्यानं फळी टाकावी. आत व्हीलचेअर वळेल एवढी जागा हवी. दारातली पोती आणि पुतळे आधी हलवा.

बाकीचं याहून स्वस्त. ऐकू न येणाऱ्याला भाव कॅल्क्युलेटरवर दाखवता येतो. पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स अंध गिऱ्हाइकाचीही खात्री करतो, फक्त गोंगाटात त्याचा आवाज वाढवा. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप 2020 पासून आहे. आणि व्हॉट्सॲपवर दिवाळी ऑफरचं रंगीत चित्र टाकता, त्याखाली वस्तू आणि भाव अक्षरांत लिहा. अंध माणसाचा फोन मजकूर सहज वाचून दाखवतो. चित्रात रंगवलेला भाव त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

हे उपकार म्हणून करायचं नाही. 2016च्या कायद्याच्या कलम 46 नुसार सेवा देणाऱ्यांनी, सरकारी असोत की खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी करायची होती. नियम जून 2017चे, म्हणजे मुदत 2019 मध्येच संपली. कायदा मोडल्यास पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास 50 हजार ते पाच लाख. लोखंडी फळी त्या मानानं कितीतरी स्वस्त पडते.