उद्याची बातमी आजच छापणारे गाव

तुर्कस्तानचे नोबेल विजेते लेखक ओरहान पामुक यांची २००२ सालची ‘कार’ ही कादंबरी आम्ही या महिन्यात घरात सगळ्यांनी वाचली. ‘कार’ म्हणजे बर्फ. इंग्रजीत ती ‘स्नो’ नावाने मिळते.

नायक कवी आहे. बारा वर्षे जर्मनीत काढून मायदेशी आलेला, आता पत्रकार म्हणून कार्स या सीमेवरच्या गावी निघालेला. त्याचे नाव ‘का’. मराठीत वाचताना गंमत वाटते, कारण गावभर तो तेच विचारत फिरतो: इथल्या मुली आत्महत्या का करतात? तो पोहोचतो आणि बर्फाने रस्ते बंद होतात.

स्थानिक वर्तमानपत्राचे मालक सेरदार बे त्याला आधी पोलिसांकडे नेतात, मग मुलींच्या घरी. त्यांच्या पत्राच्या जेमतेम तीनशेच्या आसपास प्रती निघतात, पण बातम्या घडण्याआधीच छापलेल्या! काने रात्री ‘बर्फ’ ही नवी कविता सादर केली, असे त्याला आधीच वाचायला मिळते. कविता अजून लिहिलेलीही नसते. रात्री मात्र तो ती म्हणतो. आम्ही खूप हसलो. पुढे हेच पत्र त्याला नास्तिक ठरवून गावावर सोडते, तेव्हा हसू आटले. त्या रात्री नाट्यगृहात सैनिक खऱ्या गोळ्या झाडतात आणि प्रेक्षकांना वाटते, नाटकच चालू आहे.

आणि मुली? एकीचे लग्न म्हाताऱ्या चहावाल्याशी ठरवलेले. एकीला हिजाब घालून वर्गात बसू दिले जात नव्हते. काला हादरवते ते वेगळेच: शेवटच्या क्षणापर्यंत त्या नेहमीची घरकामे करत होत्या. सरकार भिंतींवर पोस्टर लावते की आत्महत्या पाप आहे. पुढारी, पोलीस, धर्माचे कैवारी, सगळ्यांकडे उत्तर तयार. मुलींना जिवंतपणी कोणी विचारले नव्हते.

आमची तक्रार एकच. हिजाबवाल्या मुलींची पुढारी कादिफे सोडली, तर पुस्तकातही या मुली फारशा बोलत नाहीत; पुरुषच त्यांच्याविषयी बोलतात. पामुक इस्तंबूलचे, बाहेरचे. हे त्यांनाही ठाऊक असावे. शेवटी गावातला एक तरुण खुद्द लेखकालाच बजावतो की आमच्याविषयी लिहिलेल्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये.

पुस्तक सध्या आमच्या अकरावीतल्या लेकीकडे आहे. कादिफेची पाने तिने दुमडून ठेवली आहेत.