व्ह्यू-मास्टरच्या पोटातला दिवा

जुईनगरहून सीएसएमटी लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरलं, की चोर बाजार पायी गाठता येतो. तिथल्या जुन्या सामानात नशीब असेल तर बेकेलाइटचा एक जडसा डबा हाती लागतो. समोर दोन भिंगं, बाजूला खटका, वर चकतीसाठी खाच. हा व्ह्यू-मास्टर. त्यातलं 'मॉडेल एफ' असेल तर आत सेलवर चालणारा दिवाही असतो. हे मॉडेल 1958 सालचं. त्याआधीचे बहुतेक व्ह्यू-मास्टर खिडकीकडे तोंड करूनच बघावे लागत.

दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली, की मेंदू त्यांतून खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने 1838 मध्येच मांडलं होतं. नंतर छायाचित्रं आली आणि हा प्रयोग घराघरांत शिरला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. पुढे अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीसाठी जेम्स रिकल्टन हिंदुस्थानभर हिंडला, आणि त्याच्या 100 जोडचित्रांचा संच पुस्तकासह विकला गेला. पण ती पुठ्ठ्यावर चिकटवलेली एकरंगी चित्रं होती. रंगीत पारदर्शिका आणली ती विल्यम ग्रूबरने. ऑर्गन बांधणारा हा जर्मन कारागीर अमेरिकेत स्थायिक झाला होता. पोर्टलंडच्या सॉयर्स या पोस्टकार्डं छापणाऱ्या कंपनीशी त्याचं जमलं आणि 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास व्ह्यू-मास्टर बाजारात आला. आपल्याकडे तो मुंबईच्या पटेल इंडिया कंपनीच्या नावाने मिळत असे.

चकतीवर 14 चौकटी असतात, म्हणजे 7 जोड्या. एका जोडीतली दोन चित्रं शेजारी नसून चकतीच्या बरोबर समोरासमोरच्या टोकांना असतात. खटका दाबला की चकती एक सप्तमांश फिरते, एकाआड एक चौकट ओलांडून. एकेक चौकट सरकली असती, तर सात खटक्यांनंतर डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याकडे गेलं असतं आणि डोंगराच्या जागी दरी दिसली असती. इतका हिशेब केलेलं खेळणं विरळाच.

डबा उघडला की पहिली गाठ पडते ती सेलच्या कप्प्याशी. विसरलेले सेल फुटून कप्प्यातल्या धातूच्या पत्त्यांवर खरपुडी चढलेली असते. व्हिनेगर लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. अल्कलाइन सेलसाठी तो बरोबरच आहे, कारण त्यातून गळतं ते अल्कली. पण आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात राहिले ते साधे झिंक-कार्बन सेल, आणि त्यांची गळती आम्लधर्मी. तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी कापसाच्या काडीने लावायचं, ओलसर फडक्याने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. मग बारीक पॉलिश पेपर, तोही हलक्या हाताने. पत्तीवरचा मुलामा गेला की गंज पुन्हा धरतोच.

भिंगांचं दुखणं वेगळं. जुईनगर ठाण्याच्या खाडीलगतचं, म्हणून हवा दमट. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बंद कपाटात कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशीचं जाळं पसरतं, तेच इथेही होतं. भिंग काचेचं की प्लॅस्टिकचं याची खात्री होईपर्यंत स्पिरिटची बाटली लांब ठेवावी. काही प्लॅस्टिकला त्याने बारीक तडे जातात. ब्लोअरने धूळ उडवून साबणाच्या पाण्याचा एखादा थेंब पुरतो. नंतर डबा सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद ठेवला, की पुढचा पाऊस निभावतो.

खरी सुधारणा करण्याजोगी गोष्ट म्हणजे दिवा. टॉर्चचा बल्ब पिवळट असतो, सेल उतरू लागले की तांबूस होतो, आणि त्या उजेडात आकाशसुद्धा चहासारखं दिसतं. लॅमिंग्टन रोडवर एलईडी चिल्लर पैशांत मिळतो, पण नुसता बल्ब काढून एलईडी बसवला की भागत नाही. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. दोन नवे सेल मिळून तेवढेच देतात आणि थोडं वापरल्यावर कमी पडतात. एक तर व्होल्टेज वाढवणारं छोटं बूस्ट मोड्यूल घालावं, नाहीतर मोबाइलच्या चार्जरमधून 5 व्होल्ट घ्यावेत. तेव्हा उरलेल्या 2 व्होल्टसाठी, 20 मिलिअँपियरच्या हिशेबाने, प्रत्येक एलईडीमागे 100 ओहमचा रेझिस्टर. एलईडी घ्यायचा तो 90 च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) असलेला. स्वस्त निळसर एलईडीखाली माणसांचे चेहरे आजारी दिसतात. उजेड दोन्ही डोळ्यांना सारखा पडायला हवा. एक डोळा अंधुक राहिला तर कपाळ दुखू लागतं. म्हणून दोन एलईडी, आणि त्यांच्यापुढे दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी.

इथे हात आवरावा. बेकेलाइटला भोकं पाडून स्विच बसवणं, डब्याला रंग मारणं, हे दुरुस्तीच्या नावाखाली केलेलं नुकसान आहे. नवं जे घालाल ते उद्या काढून मूळ बल्ब परत लावता आला पाहिजे.

चकत्यांच्या बाबतीत मात्र कारागिरी फारशी चालत नाही. कोडाक्रोम फिल्मवर छापलेल्या जुन्या चकत्या अंधारात ठेवल्या तर आजही टवटवीत असतात. उजेडाने मात्र तेच रंग भराभर उतरतात. म्हणून एकच चित्र दिव्यासमोर तासन्‌तास ठेवू नये. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुसरी फिल्म वापरात आली, त्या चकत्या बहुतेक लालभडक झाल्या आहेत. त्यांना कुठलाही एलईडी वाचवू शकत नाही. कोडाक्रोम धुणं 2010 च्या अखेरीस जगभर थांबलं. तरी स्वतःच्या चकत्या बनवणारे हौशी आहेत. त्यांच्यासाठी 1952 चा व्ह्यू-मास्टर 'पर्सनल' कॅमेरा आजही कामाचा आहे. तो 35 मिलिमीटरच्या रोलच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्यावर आळीपाळीने, फिल्म जाताना आणि परत येताना, चित्रं टिपतो. 36 फोटोंच्या रोलवर 69 जोड्या बसतात. स्लाइड फिल्म मिळाली, की उरतं ते त्या चौकटी कापणारं खास कटर शोधणं.