काटेपूर्णेच्या काठी एक सकाळ

अकोल्याच्या नळाला महानच्या धरणाचे पाणी येते, हे अकोलेकरांस ठाऊक असते. त्याच पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरतात, हे मात्र पुष्कळांच्या गावी नसते. काटेपूर्णा नदीवरील हा जलाशय आणि भोवतीचे साग-पळसाचे पानगळीचे रान मिळून काटेपूर्णा अभयारण्य झाले आहे. 1988 मध्ये घोषित झालेले सुमारे 73 चौरस किलोमीटरचे हे अरण्य अकोला व वाशीम जिल्ह्यांत पसरले आहे. पाणी व वन शेजारी असल्याने एकाच सकाळी दोन निराळी पक्षिकुळे भेटतात.

आरोग्याच्या पाक्षिकात पक्ष्यांचे काय काम, असे कोणी विचारील. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 1,292 जणांनी आपली मनःस्थिती मोबाइलवरून वेळोवेळी नोंदवली होती. पक्षी दिसल्यावर वा ऐकू आल्यावर मन अधिक प्रसन्न असल्याचे आढळले, आणि हा परिणाम काही तास टिकला. नैराश्याचे निदान झालेल्यांतही तो दिसला. म्हणून कोणी औषधे बंद करू नयेत. पण डॉक्टरांच्या उपचारांना अशा सकाळीची जोड देण्यास काहीच हरकत नाही.

अट एकच, स्वस्थ बसण्याची. आपल्याकडे सहल म्हटली की डबे, गाणी आणि धावपळ आलीच. पाणपक्ष्यांना हे मुळीच मानवत नाही. माणसे काठाकडे धावली की बदकांचा थवा उठतो आणि दूर जाऊन बसतो. चक्रवाक किंवा पट्टकादंब हे पाहुणे हिवाळाभर खाऊन परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवतात. पट्टकादंबाला तर हिमालय ओलांडायचा असतो. आपल्या हौसेपायी त्याने घेतलेली प्रत्येक भरारी त्याच शिदोरीतून खर्ची पडते. तेव्हा उजाडताच पोहोचावे, सूर्य पाठीशी घ्यावा, मातकट रंगाचे कपडे घालावेत आणि एका जागी निदान अर्धा तास बसावे. पहिली दहा मिनिटे मुले कंटाळतात. मग टिबुकली बुडी मारते, ती कुठे वर येईल याची पैज लागते, आणि कंटाळा कुठल्या कुठे जातो.

जलाशय काठोकाठ भरलेला असताना चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना जागा नसते. पुढे पाणी उतरू लागले की ओला काठ उघडा पडतो आणि शेकाट्या, तुतवार, धोबी तेथे चरू लागतात. त्यामुळे डिसेंबरात पाहिलेला तलाव फेब्रुवारीत पुन्हा पाहावा. पाणी फारच आटले, तर मात्र अकोल्याच्या नळालाही त्याची झळ लागते. काठावर टाकलेली प्लास्टिकची पिशवी आपण पीत असलेल्या पाण्याच्या उशाशी पडते, हे मुलांना तेथेच दाखवावे.

वनात डोळ्यांआधी कान कामी येतात. हळद्याची शीळ, सातभाईंचा कलकलाट, तांबटाची ठोकठोक, आणि नशीब असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याची टूम अलीकडे निघाली आहे. ती सर्वस्वी अनुचित होय. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो बिचारा चारापाणी सोडून व्याकूळ होतो.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या आजी-आजोबांनी घडीची खुर्ची बरोबर घ्यावी. पाणकाठचे निरीक्षण बसूनच उत्तम होते. पाण्याची बाटली, टोपी आणि नेहमीची औषधे विसरू नयेत. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून विजार मोज्यांत खोचावी, गवतात लोळू नये आणि घरी येताच स्नान करून कपडे धुवावेत. विदर्भात 2018 मध्ये स्क्रब टायफसचे पुष्कळ रुग्ण आढळले होते. झुडपांतील अतिसूक्ष्म किड्याच्या अळीच्या चाव्याने हा ताप येतो. पावसाळ्याच्या अखेरीस धोका अधिक. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास, विशेषतः अंगावर काळी खपली दिसल्यास, आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच निदान झाल्यास साध्या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता वनकर्मचाऱ्यांना कळवावे.

अमरावतीकरांना एवढ्या दूर येण्याचीही गरज नाही. वडाळी व छत्री तलाव शहराला लागूनच आहेत, आणि त्यांच्या पाठीशी पोहरा-मालखेडचे रान आहे. तेथे बिबट्यांचा वावर असल्याने मुलांना एकटे सोडू नये व दिवस मावळण्यापूर्वी परतावे. 5 ते 12 नोव्हेंबर या काळात राज्यात पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर सलीम अलींचा जन्मदिवस. पहिल्या फेरीला तो मुहूर्त उत्तम. दुर्बीण नसली तरी अडत नाही. वही मात्र हवी. तीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि दिसलेले पक्षी मुलांच्याच हाताने लिहवून घ्यावेत, आणि नाव ठाऊक नसलेल्या पक्ष्याचे चित्र काढावे. घरातील वडीलधाऱ्यांना ते दाखवल्यास बहुधा एखादे अस्सल वऱ्हाडी नाव हाती लागते.