तळमजल्याचे बिऱ्हाडकरू

आम्हां कोकणातल्या माणसांचा माशाशी संबंध येतो तो बहुधा ताटात. काचेपलीकडचा मासा आम्ही पाहिला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली उघडलेल्या त्या मत्स्यालयात आमच्या आईने आम्हांला जी माहिती दिली, ती "ह्याचं कालवण चांगलं होतं" आणि "ह्यात काटे फार", एवढीच होती! त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या मेहुण्यांनी दिवाणखान्यात समुद्र पाळला आहे असे कळले, तेव्हा मला हसू आले. गेल्या वर्षी त्यांच्याकडे महिनाभर राहिलो आणि हसू ओसरले.

पाऊणशे गॅलनांची, म्हणजे सुमारे २८० लिटरांची ती काचेची पेटी. आत खारे पाणी, खडकांची रास, त्यावर झुलणारी प्रवाळे आणि वर पिवळ्या-निळ्या माशांची ये-जा. मी तोंड वर करून पाहत होतो. मेहुणे म्हणाले,

"भावोजी, वर नका पाहू. वरची मंडळी म्हणजे गॅलरीत मिरवणारी. खरी चाळ तळमजल्यावर आहे."

आंधळ्याची काठी

वाळूत एक बीळ होते. त्याच्या तोंडाशी बोटाएवढा पिवळाजर्द मासा डोळे वटारून बसलेला. हा गोबी. (उत्तरेकडच्या मंडळींना भाजी आठवेल, त्याला इलाज नाही!) आपल्या खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटी ह्याच गोतावळ्यातली. इतक्यात बिळातून एक कोळंबी वाळूचा ढीग ढकलीत बाहेर आली, ढीग टाकून आत गेली, पुन्हा आली. दिवसभर हेच.

ही पिस्तूल कोळंबी. तिचा एक आकडा इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात बुडबुडा होतो आणि तो फुटताना 'टक्‌' असा बार निघतो. आवाज आकड्याचा नसून बुडबुड्याचा, हे शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले. पण ह्या शूर बाईची दृष्टी अधू. म्हणून बाहेर येताना ती आपली एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि ती आत पळते. धोका फारच जवळ आला तर तोही तिच्यामागे बिळात शिरतो. घर तिने बांधायचे, पहारा त्याने करायचा. भाडे नाही, भांडण नाही. अशी भागीदारी करणाऱ्या गोबींच्या शंभरावर जाती आहेत.

उपाशी राजपुत्र

"मग तळासाठी कोणताही मासा आणला तर चालतो?" मी विचारले. मेहुणे गप्प झाले. मग त्यांनी आपली चूक सांगितली, ती जशीच्या तशी देतो.

पेटी मांडून तीन महिने झाले असतील. दुकानात त्यांना मँडरीन नावाचा मासा दिसला. जेमतेम तीन इंची. पण निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, जणू पैठणीचा पदर. बहुतेक प्राण्यांचा निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो. ह्याच्या पेशींत मात्र खरोखरीचे निळे रंगद्रव्य असते. भाचीने हट्ट धरला. दुकानदार म्हणाला, "गरीब मासा आहे, कोणाला त्रास देत नाही." त्यात खोटे काही नव्हते.

परंतु हा मासा खातो ते खडकांच्या फटींतले जिवंत सूक्ष्म किडे. दिवसभर एकेक टिपीत हिंडायचे, हाच त्याचा धंदा. नव्या पेटीत असे किडे असणार किती? पंधरा दिवसांत त्याने ते संपवले. मग रोज गोठवलेल्या कोळंबीचे तुकडे त्याच्यापुढून तरंगत जात. इतर मासे झडप घालीत, आणि हा नुसता पाही. पोट आत गेले, पाठीचा कणा दिसू लागला. "बाबा, तो जेवत का नाही?" असे भाची रोज विचारी. दोन महिन्यांनी उत्तर देण्याची गरज उरली नाही.

"भरल्या ताटापुढे उपासमार पाहिली, भावोजी," मेहुणे म्हणाले. "रंग पाहिला, पोट पाहिलं नाही."

बिऱ्हाड देण्यापूर्वी

तेव्हापासून नवा भाडेकरू आणताना मेहुणे चार प्रश्न विचारतात. कोणी हौशी वाचक असतील तर त्यांनी ते टिपून ठेवावेत.

पहिला प्रश्न, जेवतो काय? दुकानात डोळ्यांदेखत खाल्ल्याशिवाय मासा घ्यायचा नाही. मँडरीनच हवा असेल तर पेटी मुरलेली, वर्षाची तरी हवी आणि खडक भरपूर. पैदाशीच्या टाकीत जन्मलेला मिळाला तर अधिक बरे, कारण गोठवलेले अन्न खायला तो लवकर शिकतो. वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून चाळणारे गोबी तळ स्वच्छ ठेवतात खरे, पण वाळूतले किडे संपले की तेही खंगतात. शिवाय चाळलेली वाळू प्रवाळांच्या डोक्यावर ओततात.

दुसरा, झोपतो कोठे? जॉफिश हा मासा उभे बीळ खणतो. त्याला चार ते सहा इंच वाळू हवी. आणि खडक आधी पेटीच्या बुडावर टेकवून मग वाळू घालावी. नाहीतर खणणारा खणतो आणि छप्पर त्याच्याच डोक्यावर येते.

तिसरा, शेजाऱ्याला खातो का? हॉकफिश दिसायला देखणा, खडकावर ससाण्यासारखा बसतो. पण लहान कोळंबी दिसली की संपलीच. लायनफिश तर तोंडात मावेल त्याला गिळतो. तसेच एकाच घडणीचे दोन मासे लहान पेटीत ठेवू नयेत. एका बिळावर दोन दावेदार म्हणजे रोजची कोर्टकचेरी! बुजऱ्यांना आधी आणावे, दांडग्यांना शेवटी.

चौथा, पळतो का? गोबी आणि जॉफिश घाबरले की उडी मारतात, आणि सकाळी जमिनीवर वाळलेले सापडतात. वर जाळीचे झाकण हवेच.

आपल्याकडे हा षोक करणाऱ्यांना एक इशारा. दगडी प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे ह्यांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून संरक्षण आहे. समुद्रातून उचलून ती घरी आणणे हा गुन्हा होय. कृत्रिम खडकांतही गोबी सुखाने नांदतो.

परतण्यापूर्वी भाचीबरोबर त्याच दुकानात गेलो. काचेत एक मँडरीन होता, अगदी तसाच वेलबुट्टीचा. माझा हात खिशाकडे गेला. म्हटले, जाताना पोरीला काहीतरी द्यावे. तिने माझी बाही ओढली.

"नको, आतोबा. आपला खडक अजून पुरेसा मुरला नाही. त्याला आपल्याकडे जेवायला मिळणार नाही."

ती काचेपाशी थोडा वेळ उभी राहिली, मग आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो. पिवळा गोबी बिळाच्या तोंडाशी पहाऱ्यावर बसला होता, आणि त्याची मालकीण वाळूचा पुढचा ढीग घेऊन बाहेर येत होती.