निवळलेले पाणी आणि ओहोळातली मासळी



ओहोळाला एखाद्या दिवशी फेसाळ किंवा तांबडे पाणी येते, दुसऱ्या दिवशी निवळते, आणि आपण म्हणतो, "गेले वाहून." पाणी वाहून जाते हे खरे, पण त्या काही तासांत पाण्यातील जिवांचे काय झाले, हे निवळलेले पाणी सांगत नाही. महिनाभराची सरासरी काढली तर असा लोट नगण्य दिसतो. माशाला मात्र त्या घटकेच्या पाण्यातच श्वास घ्यावा लागतो.

नुकसान तीन गोष्टींवर ठरते: विष किती तीव्र होते, किती वेळ टिकले, आणि दोन लोटांमध्ये सावरायला किती अवधी मिळाला. शेवटो, काळुंदर यांच्यासारखे मासे कधी कधी पळ काढू शकतात. खुबे, तिसऱ्या शिंपले मिटून काही तास तग धरतात; पण श्वासासाठी ते पुन्हा उघडावेच लागतात. अंडी व नुकती निघालेली पिल्ले यांना यांतले काहीच जमत नाही.

काही कीटकनाशके मासे व सुंगटांच्या मज्जातंतूंचे काम बिघडवतात. ते पूर्ववत व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. तेवढ्यात दुसरा लोट आला तर पहिल्याची बाकी त्यात मिळते. म्हणून एकदा वाचलेला मासा पुढच्या वेळी तेवढ्याच विषाने मरू शकतो.

आपल्याकडे मोठ्या धोक्याची वेळ पहिल्या पावसाची. उन्हाळाभर साठलेली घाण, रस्त्यावरचे तेल, उघडी माती एकाच सरीत ओहोळात उतरते. आणि त्याच सुमारास चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात. डिचोलीने हे अनेक वर्षे पाहिले. एक टन लोहखनिज काढताना सुमारे अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला पडतो. पावसात त्यातली माती शेतांत व नदीत येते. ती कल्ल्यांत भरते, अंड्यांवर बसते, खुब्यांना गाडते. २०१२ साली बंद पडलेल्या खाणी मध्यंतरी चालू-बंद झाल्या, आणि २०२४ मध्ये डिचोली भागात काम पुन्हा सुरू झाले.

एका रात्रीचा लोट किती दूर पोहोचतो, हे युरोपात दिसले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवण्याचे पाणी कीटकनाशकांसह ऱ्हाईन नदीत गेले, आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वामीसारखे ईल मासे मेले.

तिळारीकडून येणाऱ्या आपल्या शापोरा नदीसाठी एवढे करावे:

१. पाऊस येण्याची चिन्हे असताना औषध मारू नये. मारल्यावर शेतातले पाणी काही दिवस बांधातच अडवावे. खाजनात मानशीचे दार लगेच उघडू नये.

२. फवारणीचा पंप व डबे ओहोळात धुऊ नयेत.

३. मासे धरण्यासाठी ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये.

४. मेलेले मासे दिसल्यास खाऊ नयेत. गुरांना ते पाणी पाजू नये. वेळ लिहून ठेवावी, स्वच्छ काचेच्या बाटलीत लगेच काठोकाठ पाणी भरून थंड जागी ठेवावे, आणि पंचायतीला व गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवावे. दुसऱ्या दिवशी भरलेल्या पाण्यात बहुधा पुरावा उरत नाही.