बंद न होणारी कळ

अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या आत शिरतच नाही. पेशीच्या आवरणात रुतलेल्या रिसेप्टरला ते बाहेरून चिकटते, रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या अंगाला असलेले जी प्रथिन जागे होते. त्याने धरून ठेवलेला जीडीपीचा रेणू सुटतो, त्या जागी जीटीपी बसतो. मग प्रथिनाचा अल्फा भाग सुटा होऊन विकराला गाठतो आणि ते विकर सायक्लिक एएमपीचे रेणू भराभर बनवू लागते. जी प्रथिन या मध्यस्थाचा माग मार्टिन रॉडबेल यांनी काढला, आल्फ्रेड गिलमन यांनी तो वेगळा केला. १९९४चे नोबेल दोघांना मिळाले. पण मध्यस्थ हवाच कशाला? एक रिसेप्टर अनेक जी प्रथिने जागी करतो, त्यामुळे क्षीण निरोपही मोठा होतो, हे एक उत्तर. मला त्याहून मोलाचे वाटते ते या प्रथिनाचे स्वतःहून थांबणे. अल्फा भाग स्वतःच जीटीपी तोडतो आणि काही सेकंदांत पुन्हा निजतो.

हे थांबणे किती गरजेचे आहे ते कॉलरा दाखवतो. हा रोग जंतूंनी सोडलेल्या विषामुळे होतो, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९मध्ये दाखवले. पुढे कळले की ते विष आतड्याच्या पेशींतल्या अल्फा भागाला असा रासायनिक तुकडा जोडते, की त्याला जीटीपी तोडताच येत नाही. जी प्रथिनाची कळ चालूच राहते, सायक्लिक एएमपी बनतच राहते. क्लोराइड आतड्यात ओतले जाते, त्यामागे सोडियम आणि पाणी. आतड्याचे अस्तर शाबूत असताना माणूस काही तासांत कोरडा पडतो. विष आणखीही काही करत असेल, एवढ्यावरून निष्कर्ष कसा काढायचा, ही शंका रास्त आहे. पण पिट्युटरी ग्रंथीच्या काही गाठींत जंतू नसतो, विष नसते. अल्फा भागाच्या जनुकात एक बदल असतो, जीटीपी तुटत नाही आणि वाढीचे संप्रेरक अखंड पाझरत राहते. बिघाड तोच.

मग ही कळ दुरुस्त करणारे औषध शोधायला नको का? शोधावे जरूर, पण कॉलऱ्याचा रुग्ण त्यावाचून वाचतो. ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारा आतड्याचा दुसरा मार्ग कॉलऱ्यातही चालू असतो. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी त्याच मार्गाने मीठ-ग्लुकोजचे पाणी दिले आणि सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. कळ अडकलेल्या पेशी काही दिवसांत आपोआप झडतात. तोवर शरीरातले पाणी टिकवायचे असते, म्हणून अशाच पाण्याची, म्हणजे जलसंजीवनीची, पाकिटे घरात ठेवा आणि जुलाब सुरू होताच द्यायला लागा.